ज्वारी, खवा आणि शेजार : धाराशिव जिल्ह्यातले चार दिवस

धाराशिव जिल्ह्यात फिरायला जातोय असं सांगितलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "तिथे बघायला काय आहे?" नळदुर्गचा किल्ला आहे, परंड्याचा आहे, शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा आहे, तेरला दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेच्या खुणा आहेत, हे सगळं सांगून झालं की दुसरा प्रश्न येतो, "आणि खायला?" इथे मात्र विचारणारा आधीच हसत असतो. खाण्यासाठी लोक हैदराबादला जातात, कोल्हापूरला जातात. मोबाईलवर खाण्याचे व्हिडिओ टाकणारी पोरंही तिकडेच जातात. दुष्काळी जिल्ह्यात कोण कशाला जेवायला जाईल?

आम्ही गेलो. निमित्त होतं नणंदेच्या घरचं. ती लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यात दिली आहे, आणि दर वर्षी वेळअमावस्येला या, शेतात जेवायला या, असा तिचा आग्रह असतो. एवढं जायचंच तर चार दिवस काढून सगळा जिल्हा बघू, असं मुलांच्या अब्बूंनी ठरवलं. थोरला परीक्षेमुळे मामाकडे राहिला. उरलो आम्ही दोघं, माझ्या सासूबाई म्हणजे अम्मी, आणि नऊ वर्षांची धाकटी. एसटीत बसल्यावर एक गंमत कळली. अम्मी पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांचा प्रवास मोफत, मला बायकांच्या सवलतीचं अर्धं तिकीट, धाकटीचं अर्धं. चौघांत पूर्ण पैसे भरणारे एकटे मुलांचे अब्बू. अम्मी म्हणाल्या, "घर में बी ऐसाच है."

नळदुर्ग पाऊण-एक तासात आलं. किल्ला मोठा आहे, इतका की धाकटीने पहिल्या तासातच "अजून किती" विचारायला सुरुवात केली. एकशे चौदा बुरूज सांगतात. मोजायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. पण इथला पाणीमहाल मात्र डोळे भरून बघावा. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर दगडी धरण बांधलं आणि त्या धरणाच्या पोटातच महाल केला. पावसाळ्यात वरून नर आणि मादी नावाचे दोन धबधबे कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. आम्ही गेलो ते डिसेंबरात, पाणी शांत होतं. महालाच्या खिडकीतून अम्मी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पानी रोकना आना चाहिये. बाकी सब बाद में." ज्या भागात पाऊस कधी दोन महिने तोंड दाखवत नाही आणि कधी दोन दिवसांत वर्षभराचा हिशेब चुकता करतो, तिथे चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना हे कळलं होतं.

दुपारच्या जेवणाचं मात्र काही जमलं नाही. ज्या खानावळीत बसलो तिथलं सालन तेलात पोहत होतं, आणि मीठ दोन वेळा पडलं असावं. घरून आणलेल्या भाकऱ्या, शेंगाचटणी आणि कांदा काढला आणि झाडाखाली बसून पोट भरलं. पुढचा अनुभव त्याहून वाईट. लोहाऱ्याकडे निघालेल्या काळ्या-पिवळ्या जीपचं चाक वाटेत बसलं. जादा चाक होतं, पण तेही बसलेलं! दीड तास रस्त्याच्या कडेला काढला. शेजारच्या शेतात हरभरा होता. राखणीच्या बाईने धाकटीला ओंजळभर कोवळे शेंडे खुडून दिले. मीठ लावल्यासारखे आंबट-खारट लागतात ते. धाकटीच्या मते तो सहलीतला सगळ्यात चांगला भाग होता.

नणंदेच्या घरी पोचेपर्यंत मगरिब होऊन गेली होती. चुलीवर येसराची आमटी उकळत होती. आपल्याकडे शहरात येसर आता फार कमी घरांत करतात, म्हणून थोडं सांगते. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, वाळलेल्या मिरच्या, खोबरं हे सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळायचं आणि डब्यात भरून ठेवायचं. घरात भाजी नसली, बाजार लांब असला, अवेळी पाहुणा आला, की लसणाची फोडणी करायची, पाणी घालायचं, उकळी आली की येसर सोडायचं. दहा मिनिटांत दहा माणसांची आमटी तयार. हे अडचणीच्या दिवसांचं अन्न आहे. नणंदेच्या घरी अडचण नव्हती, पण तिला ठाऊक होतं की भावाला हेच हवं असतं. सोबत ज्वारीची भाकरी, मालदांडीची, पांढरीशुभ्र, आणि वाळवलेल्या अंबाडीत शिजवलेलं गोश्त. अंबाडी पावसाळ्यात रानभर माजते. तेव्हा ती खुडून सावलीत वाळवतात आणि मग वर्षभर चिंचेची गरज पडत नाही.

नणंदेच्या सासूबाई, सगळे त्यांना बडी अम्मा म्हणतात, पंचाऐंशीच्या घरातल्या आहेत. ऐकायला कमी येतं, पण आवाज खणखणीत. जेवणं झाल्यावर अम्मी आणि त्या बोलत बसल्या. बोलणं पूर्वीच्या घरावर आलं. हे गाव १९९३ च्या भूकंपात पडलेलं. ३० सप्टेंबरची पहाट, गणेश विसर्जनाची रात्र सरून लोक नुकते झोपले होते. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, पण धक्का सास्तूर, लोहारा, उमरग्याकडच्या गावांनाही तेवढाच बसला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, अशी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. नंतर सरकारने दुसऱ्या जागी गाव वसवलं. रुंद रस्ते, सुटी सुटी सिमेंटची घरं. पडणार नाहीत अशी घरं मिळाली याबद्दल बडी अम्मा अल्लाहचे आभारच मानतात. पण एक गोष्ट त्या अजून बोलून दाखवतात, की या घरांना बळद नाही.

बळद म्हणजे जाड भिंतीच्या आत ठेवलेली धान्याची कोठी. वरून ज्वारी ओतायची, खालच्या भोकातून काढायची. वर्ष-दोन वर्षांचं धान्य त्यात बसे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, त्याहून मोठा. पाऊस गेला तरी बळद भरलेलं असलं की घर घाबरत नसे. सिमेंटच्या पातळ भिंतीत बळद कुठून येणार? आता पोती रचतात, किंवा पिकलेलं सगळं विकून टाकतात आणि महिन्याचं दळण दुकानातून आणतात.

बळदाचं नाव निघालं आणि बडी अम्मांनी जे सांगितलं ते नणंदेलाही पूर्ण ठाऊक नव्हतं. १९४८ साली त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. माहेर याच पट्ट्यातलं. वाचकांना माहीत असेल, १३ सप्टेंबरला सोलापूरहून निघालेली फौज निजामाच्या हद्दीत शिरली ती नळदुर्गच्याच वाटेने. ज्या बोरी नदीचं कौतुक आम्ही सकाळी करत होतो, तिच्यावरचा पूल तिने पहिल्या सकाळीच ताब्यात घेतला. चार-पाच दिवसांत संस्थान शरण आलं. मराठवाडा मुक्त झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. रझाकारांनी आधी गावोगावी जे केलं होतं ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा साध्या मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं, तेही लपवण्यासारखं नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने संस्थानात फिरून अहवाल दिला. सर्वात जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचं नाव घेतलं. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याची उदाहरणंही त्याच अहवालात आहेत. तो कितीतरी दशकं कपाटात राहिला.

"भादवे का महीना था," बडी अम्मा सांगत होत्या. "नया अनाज आने कू टाइम था. पाटलां के घर का बळद आधा खाली था. मेरे कू और मेरे भाई कू उसमें उतारे. ऊपर से फळी डाले. तीन दिन थे हम. रात कू ऊपर से भाकरी छोडते थे, कांदा छोडते थे. भाई छोटा था, रोता था, तो मैं उसके मुँह में ज्वारी के दाने डालती थी. चबाते बैठता था." एवढं सांगून त्या थांबल्या. मग धाकटीकडे बघून म्हणाल्या, "तू भाकरी छोडना नक्को. पूरी खा."

दुसऱ्या दिवशी वेळअमावस्या. लातूर-धाराशिवकडचे वाचक सोडले तर इतरांना हे नाव नवं वाटेल. मार्गशीर्षातली अमावस्या. रब्बीची पिकं गुडघ्याला आलेली असतात, थंडी असते आणि त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळा गाव शेतात जातो. ज्याचं शेत आहे तो ज्याचं नाही त्याला बोलावतो. सण शेतकरी हिंदूंचा. कडब्याची कोप करतात, तिच्यात पूजा मांडतात. पण जेवायला सगळे. ज्या मुसलमानांची शेती आहे तेही त्या दिवशी आपल्या शेतात चूल मांडतात आणि शेजाऱ्यांना बोलावतात.

आम्हाला आमंत्रण होतं ते बडी अम्मांच्या माहेरच्या पाटलांच्या नातवाचं. आता त्याचीही पन्नाशी उलटली आहे. तो स्वतः ट्रॅक्टर घेऊन न्यायला आला. बडी अम्मांना ट्रॉलीत गादी टाकून बसवलं आणि वाटभर "बुवा, हळू", "बुवा, खड्डा" असं त्यांचं चाललं होतं. त्या त्याला बुवा म्हणतात, तो त्यांना आत्या म्हणतो.

शेतात मोठ्या कढईत भज्जी शिजत होती. ही आपली कांदाभजी नव्हे. ओली तूर, वाटाणा, हरभरा, शेंगदाणे, मेथी, पालक, जे जे हिरवं मिळेल ते सगळं शिजवायचं, चिंचेचा कोळ, लसूण, हिरवी मिरची घालायची आणि बेसन लावून घट्ट करायचं. सोबत बाजरीचे उंडे, धपाटे, शेंगापोळी, गव्हाची खीर आणि मातीच्या मडक्यात दोन दिवस आंबवलेली ज्वारीची अंबील, ताक घातलेली, लसणाच्या वासाची. अंबील पहिल्या घोटाला शहरी जिभेला चमत्कारिक लागते. तिसऱ्या घोटाला आपण मडकं कुठे ठेवलंय ते बघायला लागतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या घरांत तिच्यावर हमखास बोलणं निघतं. पूजेत ठेवलेलं आपण खात नाही. मी जरा अवघडूनच बसले होते, नाही कसं म्हणायचं या विचाराने. पण पाटलांच्या सूनबाईंनी कढईतून पहिल्यांदा एक मोठं पातेलं भरून बाजूला काढलं, त्यावर ताट झाकलं आणि मला म्हणाल्या, "हे आत्यांचं. पूजेच्या आधीच काढतो आम्ही. आमच्या सासूबाईंनी लावलेली रीत आहे." कोणी कोणाला समजावून सांगितलं नव्हतं. कोणाचा अपमानही झाला नव्हता. या वेळी वेळअमावस्या जुम्याच्या दिवशी आली होती. मुलांचे अब्बू नणंदेच्या नवऱ्याबरोबर ट्रॅक्टरवरून गावातल्या मशिदीत गेले आणि ते परत येईपर्यंत पाटलांच्या घरचा एकही पुरुष जेवायला बसला नाही.

मात्र या वर्षीचं शेत बघवत नव्हतं. सप्टेंबरातल्या पावसाने सोयाबीन उभं सडलं. ओढ्याकाठची एक पट्टी तर खरवडून गेली होती, माती गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. तिथे आता काही वर्षं काही येणार नाही. वरच्या रानात ज्वारी होती, पण वाफसा उशिरा आल्याने पेरणीही उशिरा झालेली. पाटील म्हणाले, "आजोबांच्या काळी सगळं रान शाळूचं असायचं. आता मी दोन एकर करतो, घरापुरती आणि जनावरांच्या कडब्यापुरती. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. सोयाबीन शंभर दिवसांत हातात पैसा देतं. दिलं तर."

त्या "दिलं तर"वर कोणी हसलं नाही.

शनिवारी धाराशिव. या नावाबद्दल आपल्या घरांत दोन्हीकडून गरमागरम बोललं जातं. २०२३ मध्ये सरकारने उस्मानाबादचं धाराशिव केलं. उस्मानाबाद हे नाव शेवटच्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं. अम्मींना या वादात रस नाही. त्यांची आई आयुष्यभर "धाराशिव के बाजार कू" असंच म्हणायची आणि टपालावर उस्मानाबाद लिहायची. शेळीचं नाव मात्र कोणी बदललेलं नाही. ती उस्मानाबादीच आहे, देशभर त्याच नावाने नोंदलेली. काळी कुळकुळीत, मध्यम अंगाची, बऱ्याचदा जुळी देणारी, आणि बाभळीच्या पाल्यावर, बांधावरच्या झुडपांवर दुष्काळ काढणारी. ज्याच्याकडे जमीन नाही त्याची ही बँक. दवाखान्याला एक बोकड, पोरीच्या लग्नाला दोन. बकरी ईदच्या आधी इथले बोकड पुण्या-मुंबईच्या बाजारांत जातात. तिथे खरेदी करताना आपण दात बघतो, वजन बघतो, भाव पाडतो. तो बोकड ज्या घरातून निघाला तिथे त्याचे पैसे आधीच कशाला तरी लागलेले असतात.

दर्ग्यात गेलो, फातेहा पढलो. उर्साच्या दिवसांत इथे सगळ्या धर्मांच्या लोकांची गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा आवारात कबुतरं आणि दोन म्हातारे होते. शहरातले गुलाबजाम नावाजलेले आहेत, तेही खाल्ले. मोठे, आतून दाणेदार, पाक कमी. खवा कुठला विचारलं तर दुकानदाराने भूमकडे हात केला. मग भूमला जायचंच ठरलं.

त्या रात्री एका तालुक्याच्या गावी मुक्काम करायचा होता. एका लॉजवर खोली आहे म्हणाले, भाडं सांगितलं, रजिस्टर पुढे केलं. मुलांच्या अब्बूंनी आधार कार्ड दिलं. माणसाने नाव वाचलं, आत गेला, बाहेर आला आणि सगळ्या खोल्या आधीच ठरलेल्या आहेत असं त्याला आठवलं. रात्रीचे साडेआठ, थंडी, अम्मी पायरीवर बसलेल्या. धाकटी विचारत होती, "पण आत्ता तर आहे म्हणाले होते ना?" अशा वेळी मुलांना काय सांगायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही. तिच्या अब्बूंनी सांगितलं, "त्यांच्याकडे जागा नाही, बेटा. दुसरीकडे बघू." समोरचा चहावाला हे बघत होता. कपाळाला गंध, अंगात जुना स्वेटर. त्याने चहा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि पोराला आमच्याबरोबर पाठवलं. तो आम्हाला मशिदीमागच्या एका निवृत्त मास्तरांच्या घरी घेऊन गेला. मास्तरांनी दार उघडलं, सलाम झाला, आणि आम्ही कोण, कुठले हे विचारायच्या आधी आतून त्यांच्या बेगमनी हाक दिली, "कितने जने हैं? चावल डालती हूँ."

ते जेवण मी विसरणार नाही. हरभऱ्याचा कोवळा पाला घालून केलेलं गोश्त, बगारा खाना आणि त्यावर तूर डाळीचा दालचा, दुधीच्या फोडी घातलेला. आपल्याकडच्या लग्नांत दालचा असतोच, पण हा रात्री नऊ वाजता अनोळखी पाहुण्यांसाठी चढवलेला होता. मास्तर सांगत होते, सप्टेंबरात पूर आला तेव्हा सीनाकाठची गावं पाण्यात होती, परंड्याकडे माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. त्या दिवसांत इथल्या मशिदीच्या अंगणात चुली पेटल्या आणि खिचडीची पातेली टेम्पोतून तिकडे गेली. "मठवालों ने चावल दिये, हमने पकाया," ते म्हणाले. "भूक्या माणसाला कुठून आलं ते विचारायचं सुचत नाही."

सकाळी परंडा. सपाट जमिनीवरचा किल्ला, भोवती खंदक, आत मशीद. अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ इथूनच सांभाळली. विजापूरला आज जी मुलूख-मैदान तोफ बघायला लोक जातात ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली आणि बरीच वर्षं या परंड्यात होती. पन्नास टनांहून जास्त वजनाचं ते धूड १६३२ मध्ये विजापूरला नेलं. गेली ती गेलीच. किल्ला राहिला, बाभळी राहिल्या. अम्मी खंदकाच्या कठड्यावर बसून राहिल्या, त्यांच्याने पुढे चालवेना.

भूमकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवताळ माळ लागतो. बालाघाटचे उतार. शेतीला हलके, चराईला बरे. खव्याचं मूळ इथे आहे. म्हशी होत्या, दूध होतं, पण शहर लांब, रस्ते वाईट आणि उन्हाळ्यात दूध दुपारपर्यंतही टिकत नाही. मग दूध आटवून खवा करायचा. खवा दोन दिवस टिकतो, डोक्यावरच्या पाटीत मावतो आणि त्याला भाव येतो. कुंथलगिरीला जैनांचं तीर्थ आहे. तिथल्या यात्रेकरूंबरोबर पेढा लांबवर गेला आणि नाव झालं. आज इथला खवा पुण्याला, हैदराबादला जातो.

मास्तरांच्या ओळखीने एका भट्टीवर गेलो. एक आपा आणि त्यांचा मुलगा भट्टी चालवतात. पहाटे चारला सुरुवात होते. मोठी लोखंडी कढई, खाली लाकडाचा जाळ, आणि लांब दांड्याच्या उलथण्याने सतत ढवळणं. म्हशीच्या चार-साडेचार लिटर दुधाचा किलोभर खवा होतो. गाईचं दूध असेल तर पाच-सहा लिटर लागतं. शेवटच्या दहा मिनिटांत हात थांबला तर खवा खाली लागतो आणि वीस लिटर दुधाचं मातेरं होतं. आपांच्या उजव्या मनगटाला कायम पट्टी असते. डोळे धुराने लाल. काही ठिकाणी विजेवर आणि सौर उर्जेवर चालणारी यंत्रं आली आहेत, मुलगा त्यासाठी बँकेत दोनदा जाऊन आला. त्यांच्या चार म्हशींपैकी एक पुरात गेली. आणखी एक त्यांनी स्वतः विकली.

"विकली का?" मी विचारलं.

"कडबा नाही," त्या म्हणाल्या. "लोक ज्वारी पेरत नाहीत, कडबा कुठून येणार? सोयाबीनचं भुसकट म्हैस मनापासून खात नाही. कडब्याची पेंढी विकत आणून खवा परवडत नाही."

पाटलांच्या शेतात ऐकलेली गोष्ट इथे पुन्हा भेटली. ज्वारी कमी झाली म्हणून फक्त भाकरी महागली असं नाही. कडबा गेला, त्यामागे म्हैस गेली, म्हशीमागे भट्टी जाईल. लग्नात आपण ताटात दोन गुलाबजाम घेतो आणि एक तसाच टाकून देतो, त्याच्यामागे मनगटाला पट्टी बांधलेली कोणीतरी पहाटे चारपासून उभी असते.

आपांनी नुकत्याच उतरलेल्या खव्याचा गोळा वडाच्या पानावर ठेवून धाकटीला दिला, वर साखर भुरभुरून. गरम खवा असा कधी खाल्ला नसेल तर सांगता येणार नाही. किंचित धुरकट, किंचित गोड, आणि दाण्याला तुपाची चमक. आम्ही दोन किलो घेतला. त्यांनी तोलताना थोडा वर टाकला. पैसे जास्त द्यायला गेले तर त्यांनी ठरलेले तेवढेच मोजून घेतले आणि उरलेले धाकटीच्या मुठीत परत ठेवले.

निघताना डब्याचं झाकण लावून देत त्या म्हणाल्या, "बार्शीपर्यंत डबा उन्हात ठेवू नका. घरी गेल्यावर लगेच उघडा, वाफ धरली तर आंबेल. बाहेर ठेवाल तर दोन दिवसांत संपवा. आणि पुढच्या वर्षी याल तेव्हा आधी फोन करा. भट्टी चालू आहे का विचारून या."